दख्खनची कच

माझ्या नवऱ्यानं मला कधी खोटारडी म्हटलं नव्हतं. ते काम त्याच्या यंत्रानं केलं. तेही गुरुवारी दुपारी, ऐन मिसळीच्या वेळी, भरलेल्या खानावळीत.

आमची खानावळ ताम्पेरेत आहे. फिनलंडमधलं हे शहर दोन तळ्यांच्या मध्ये बसलंय. वरच्या तळ्याचं पाणी उसळत खालच्या तळ्याकडं धावतं आणि त्या पाण्याच्या जोरावर इथं एकेकाळी कापडगिरण्या चालायच्या. गिरण्या गेल्या, लाल विटांच्या इमारती आणि उंच धुरांडी राहिली. मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. त्यामुळं अशाच एका जुन्या गिरणीत जागा मिळाली तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. खानावळीला नाव दिलं 'वाटण'.

या शहरानं विमानानं घाईघाईत येणाऱ्या पाहुण्यांना बोलावणं केव्हाच सोडून दिलंय. जे रेल्वेनं किंवा जहाजानं येतात त्यांच्यासाठी 'हिरवी माळ' आहे. रेल्वेच्या तिकिटावरच ट्राम चालते, तळ्यातली बोट चालते, सार्वजनिक सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, दार उघडतं आणि माळेतल्या निवडक खानावळींत जेवायला मिळतं. माळेचा नियम एकच. ताटातलं सगळं या पंचक्रोशीत पिकलेलं असावं. मीठ तेवढं माफ. बाहेरचं काही वापरायचं असेल तर वापरा, पण आधी जाहीर करा आणि टेबलावर दाखवा. बाहेरचं आणणं हा गुन्हा नाही, लपवणं हा गुन्हा. लपवलेलं सापडलं की माळेतून बाहेर, कायमचं.

माळेतल्या इटालियन खानावळीनं ऑलिव्ह तेल जाहीर केलंय, जपानी खानावळीनं समुद्री शेवाळ. माझ्या पाटीवर मात्र बाहेरच्या वस्तूंपुढं शून्य होतं. इथलेच वाटाणे, इथलीच काचघरातली मिरची, खोबऱ्याऐवजी इथलं जवस, चिंचेऐवजी सी-बकथॉर्नची आंबट नारिंगी बोरं, लवंगेच्या जागी जुनिपरची फळं. चार हिवाळे डोकं आपटलं तेव्हा कुठं तर्रीला तर्रीची चव आली. फिन लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरुवारी वाटाण्याचं सूप पितात आणि वर पॅनकेक खातात. मी गुरुवारी वाटाण्याची मिसळ देते आणि वर सातूचं धिरडं. बाहेर रांग लागते. त्या शून्याचा मला गर्व होता, आणि का नसावा?

आता यंत्राचं सांगते. माझा नवरा सुयोग इथल्या विद्यापीठात भूरसायनशास्त्र शिकवतो. त्याच्या चमूनं ते बनवलं. नाव 'यूरी', फिनिशमध्ये म्हणजे मूळ. दिसायला मिठाच्या डबीएवढं. त्यात चमचाभर पदार्थ ठेवायचा, आत लेझरची ठिणगी पडते, कणभर पदार्थाची वाफ होते आणि यंत्र त्या वाफेतले अणू मोजतं. मोजतं ते मुख्यतः स्ट्रॉन्शियम. हा धातू कॅल्शियमचा चुलतभाऊ. खडकातून मातीत येतो, मातीतून रोपात, रोपातून आपल्या पोटात. त्याचे अणू काही हलके, काही थोडे जड. जड अणूंतले काही रुबिडियम नावाचं दुसरं मूलद्रव्य क्षय पावत पावत तयार होतात, पण त्याला युगं लागतात. फिनलंडचा खडक दोनएक अब्ज वर्षांचा, रुबिडियमनं भरलेला, त्यामुळं इथल्या मातीत जड अणूंचा वाटा मोठा. आपला दख्खनचा काळा पाषाण त्या मानानं कालचं पोर. धरणीच्या पोटातून लाव्हा वर आला तोच मुळी रुबिडियम फारसं न घेता. त्यामुळं त्याच्यात जड अणू कमी. हे प्रमाण म्हणजे मातीच्या अंगठ्याचा ठसा. शिजवा, तळा, वाटा, ठसा बदलत नाही.

यूरीनं ठसा ओळखला की टेबलावर नकाशा उजळतो. पाहुणे चमचा ठेवतात, ताम्पेरेच्या भोवती हिरवं वर्तुळ फुलतं आणि ते टाळ्या वाजवतात. अशा टाळ्यांची मला सवय झाली होती.

जूनमध्ये माझ्या सासूबाई आल्या. त्यांना सगळी इचलकरंजी अक्काताई म्हणते. मुंबईहून जहाज, मग युरोपभर रेल्वे, मग स्टॉकहोमहून रात्रीची बोट. एवढा प्रवास करून बाई उतरल्या त्या शेंगदाण्याची चटणी सांभाळत आणि डब्यातल्या समस्त प्रवाशांची नावं पाठ करून.

"इमानातनं काय दिसतंय गं? ढग," त्या म्हणाल्या. "मला समदी दुनिया दिसली."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना प्युनिक्कीच्या टेकडीवरच्या जुन्या मनोऱ्यावर नेलं. तिथं खाली तळलेले गोड वडे मिळतात, ताम्पेरेला येऊन ते न खाणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. अक्काताईंनी वडा हातात धरून वरून पाहिलं. दोन्हीकडं पाणी, मध्ये शहर आणि शहरातून वर आलेली धुरांडी.

"आपली इचलकरंजीच की ही!" त्या म्हणाल्या. "फकस्त धूर न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि पाणी रोज येत असंल."

माझी सात वर्षांची लेक ओवी खदखदून हसली. तिचा समोरचा दात पडला होता, हसली की खिडकी दिसायची. त्या दातावरून घरात वाद चालू होता. इथली पोरं पडलेला दात पाण्याच्या पेल्यात ठेवतात, दातांची परी येते आणि नाणं ठेवून जाते. अक्काताईंचं म्हणणं, दात कौलावर टाकायचा, नाहीतर नवा वाकडा येतो. तोडगा निघेना म्हणून दात खानावळीच्या गल्ल्याशेजारी पेल्याच्या तळाशी बसून होता.

खानावळीत आल्यावर अक्काताईंनी आधी काय पाहिलं असेल तर पाटा. आमचा पाटा-वरवंटा काळ्या पाषाणाचा. लग्नात त्यांनीच दिलेला, आमच्या सामानाबरोबर जहाजानं आलेला. त्याच्यावरच माझं सगळं वाटण चालतं. ओवीचं बारसं याच शहरात झालं तेव्हा त्याच वरवंट्याला टोपडं घालून आम्ही तो पाळण्याखालून फिरवला होता. शेजारची फिन मंडळी तोंडात बोट घालून बघत होती.

अक्काताईंनी पाट्यावर तळहात फिरवला. "अगं, गुळगुळीत झालाय की! ह्याच्यावर वाटतीस का घसरगुंडी खेळतीस?"

मी ओशाळले. ताम्पेरेत टाकी लावणारा कुठून आणू? अक्काताईंनी पदर खोचला. माझी मदतनीस आयला हिच्या दिवंगत नवऱ्याच्या पेटीतून छिन्नी-हातोडा निघाला आणि बाई गिरणीच्या अंगणात पाट्याला टाकी लावायला बसल्या. टकटक, टकटक. माळेचे पाहुणे गोळा झाले. एका डॅनिश जोडप्यानं विचारलं, हा कार्यक्रम रोज असतो का?

आता आयलाबद्दल. ती साठीची, आधी ट्राम चालवायची. तिला खोटं बोलता येत नाही आणि अन्न टाकता येत नाही. आमच्या स्वयंपाकघरातून खरकटं जवळजवळ निघत नाही, ते तिच्यामुळं. बटाट्याची साल, वाटाण्याची शेंग, शिळी भाकरी, ती कशाचं काय करेल सांगता येत नाही.

टाकी लावली त्या बुधवारी, काम अर्धं झालं असताना, मी बाजारात गेले होते. परत आले तेव्हा पाटा धुऊन जागेवर होता आणि मसाल्याचं भांडं भरलेलं होतं. मी काही विचारलं नाही. गुरुवारी मिसळ केली.

आणि त्या गुरुवारी माळेच्या पाहणी समितीच्या प्रमुख पायवी लेह्तोनेन जेवायला आल्या. वर्षातून एकदा न सांगता येतात. पायवीबाई म्हणजे सरळ पाठ, करडे केस आणि सौनात बसल्यावरसुद्धा हसणार नाहीत असं तोंड. त्यांनी तर्रीचा चमचा यूरीत ठेवला.

नकाशा उजळला. ताम्पेरेभोवती हिरवं आलं, पण फिकं. मग खाली, पार खाली, भारताच्या पश्चिमेला लाल डाग पेटला आणि वाढत गेला.

खानावळीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पायवीबाईंनी दुसरा चमचा ठेवला. पुन्हा तेच.

"तुम्ही काही जाहीर केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी काही आणलेलंच नाही," मी म्हणाले.

"सोमवारी समितीसमोर या," असं म्हणून त्यांनी मिसळ शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ली, तोंड पुसलं आणि गेल्या.

सुयोग संध्याकाळी आला. इथं जूनमध्ये रात्री दहालाही लख्ख ऊन असतं, त्यामुळं भांडायलाही आडोसा मिळत नाही. त्याला मी सगळं सांगितलं. तो यूरीचे आकडे बघत राहिला आणि म्हणाला, "यंत्र बरोबर आहे."

"म्हणजे मी खोटी?"

"तसं नाही म्हणालो. पण आई मसाला घेऊन आलीय. तुझ्या हातून चिमूटभर पडला असेल."

"चिमूटभर नाही, डबाभर आणलाय त्यांनी. तो घरी आहे, सीलसुद्धा फोडलेलं नाही. सुयोग, चार हिवाळे मी चिंचेशिवाय रडले तेव्हा तूच रुमाल दिलास ना? आता त्या डबीचं ऐकतोस?"

"डबी खोटं बोलत नाही, मृणा."

"आणि मी बोलते!"

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा मला जितका राग आला तितका लाल डागाचाही आला नव्हता. माणूस यंत्र बनवतो, त्याचा अभिमान मलाही होता, अजूनही आहे. पण बायकोच्या शब्दाला कणाएवढी जागा त्या यंत्रात ठेवायची राहिली, एवढंच त्या संध्याकाळी मला दिसलं.

तो ओवीला घेऊन घरी गेला. मी खानावळीतच बसले. रागानं भूक लागते मला. उरलेली मिसळ वाढून घेतली. दोन घास गेले आणि दाढेखाली कच लागली.

बारीक. वाळूसारखी. कोंडा असेल म्हणून जिभेवर घोळवली, विरघळेना. तिसऱ्या घासाला पुन्हा. मग माझ्या डोक्यात टकटक वाजलं. पाट्याला टाकी लावली की दगडाची पूड सुटते. म्हणून पहिलं वाटण करायचं आणि टाकून द्यायचं, हे आपल्याकडं पोरीसोरींना ठाऊक असतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मी धावत घरी गेले. "आई, टाकी लावल्यावर पहिलं वाटण केलंत ना?"

"व्हय की. वाटीभर वाटाणं भरडलं. त्या आयलाला हातानंच सांगितलं, टाकून दे म्हणून."

सकाळी आयलाला विचारलं. तिनं एप्रन सोडला, हात पुसले आणि सरळ उभी राहिली.

"मी टाकलं नाही. मसाल्यात मिसळलं. मला वाटलं, त्यांना स्वतःचं काम आवडलं नाही. एवढ्या वयाच्या बाईनं उन्हात बसून केलेलं वाटण मी कचऱ्यात घालू? या स्वयंपाकघरातून अन्न टाकत नाहीत." मग तिचा आवाज हलला. "मृण्मयी, मी समितीसमोर सांगेन. चूक माझी."

मला तिच्यावर रागावताच येईना. सासूनं प्रेमानं टाकी लावली, आयलानं प्रेमानं टाकलं नाही, आणि दोन प्रेमांच्या मध्ये माझी मिसळ लाल झाली.

सुयोगला सांगितलं तेव्हा तो कपाळावर हात मारून हसायला लागला. "दगडात वाटाण्याच्या कितीतरी पट स्ट्रॉन्शियम असतं! कणभर पूडसुद्धा सगळ्या भांड्याचा ठसा बदलेल. माझ्या लक्षात कसं नाही आलं?" मग हसणं थांबलं. "मला माफ कर. मी तुझं ऐकायला हवं होतं."

"हवंच होतं," मी म्हणाले. इतक्या स्वस्तात सोडणार नव्हते.

"पण एक सांगतो. सोमवारी सुटशील, अपघात होता म्हणून. पण यूरीचं नवं मॉडेल हिवाळ्यात येतंय. त्याला दगडाची रोजची झीजसुद्धा दिसेल. पाटा वापरलास तर तुझ्या ताटात दख्खन कायम दिसणार. शून्य राहणार नाही."

सोमवारी आम्ही पाटा-वरवंटा ट्राममधून नेला. पाटा सुयोगच्या मांडीवर, वरवंटा ओवीच्या, अक्काताई खिडकीशी, आयला उभी. ट्राम चालवणारा आयलाच्या ओळखीचा, त्यानं आरशातून पाहिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. फिन लोकांचं हे मला फार आवडतं.

समितीसमोर आयलानं जे घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. सुयोगनं पाट्याची चिमूटभर पूड यूरीत ठेवली. तोच लाल डाग, त्याच जागी. मग अक्काताईंनी तिथंच बैठक मारली, पाटा धुतला, एक वाटण करून बाजूला काढलं, पुन्हा धुतला, दुसरं वाटण केलं. ते यूरीत ठेवलं. ताम्पेरेभोवती हिरवं वर्तुळ फुललं, पूर्ण, गडद.

"तुमचा शब्द खरा होता," पायवीबाई म्हणाल्या. "माळेतली जागा तुमची आहे. शून्यही." मग त्यांनी टेबलावर एक राखाडी, चकचकीत पाटा ठेवला. "नव्या यंत्राला दगडाची झीज दिसणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून हा महिन्यापूर्वीच करायला टाकला होता. इथल्या ग्रॅनाइटचा. शहराकडून भेट. हा वापरलात तर शून्य कधीच जाणार नाही."

देखणा होता हो तो दगड. आणि ज्या पायवीबाईंनी मला बोलावलं त्यांनीच तो घडवून घेतला होता. चार हिवाळ्यांचं ते शून्य. इतर परदेशी खानावळींनी ज्याच्याकडं बघून माना हलवल्या ते शून्य. एक दगड बदलला की राहणार होतं.

मी अक्काताईंकडं पाहिलं. त्यांना फिनिश कळत नाही, पण दगडाला दगड बदली आलाय एवढं कळलं होतं. त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलून आपल्या पदरानं पुसला, एवढंच.

"आभारी आहे," मी पायवीबाईंना म्हणाले. "हा मी घेईन, धिरड्याचं पीठ याच्यावर वाटेन. पण मिसळ त्याच पाट्यावर होईल. मला बाहेरची वस्तू जाहीर करायची आहे."

"कुठला पदार्थ?"

"दगड."

पायवीबाईंनी मान वर केली. "शून्य जाईल."

"जाऊ दे. शून्यासाठी मी चिंच सोडली, खोबरं सोडलं, लवंग सोडली. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण इथल्या मातीनं बदली तेवढंच चांगलं दिलं. पण हा दगड एकदाच प्रवास करून आला, बसला तो बसला. माझ्या लेकीच्या पाळण्याखालून फिरलाय तो. त्याला मी उपरा म्हणून बाहेर काढणार नाही. लपवणारही नाही. टेबलावर दाखवेन, ताठ मानेनं."

पायवीबाईंनी नोंद केली. मग माझ्या डोळ्यांदेखत त्या हसल्या. "माळेत दगड जाहीर करणाऱ्या तुम्ही पहिल्या."

संध्याकाळी खानावळीत आम्हीच होतो. ओवी पेल्याशी खेळत होती. मोठी माणसं दिवसभर यूरीत काहीबाही ठेवत होती, मग तिनंही ठेवलं. दात.

ठिणगी पडली. नकाशा उजळला. ताम्पेरेभोवती हिरवं वर्तुळ आलं. आणि खाली, पार खाली, एक बारीक लाल ठिपका.

"ओवी, दात पाट्यावर घासलास का?" मी विचारलं.

"नाही! पेल्यातच होता."

सुयोगनं दात पुसला, दुसऱ्या बाजूनं ठेवला. तोच ठिपका. मग तो बोलला, माझ्याकडं न बघता, नकाशाकडं बघत.

"दुधाचे दात बाळ पोटात असतानाच घडायला लागतात. बाळाला कॅल्शियम कमी पडलं तर आईच्या हाडांतून निघतं आणि त्याच्याबरोबर स्ट्रॉन्शियमही. ओवीच्या वेळी तू इथं नवीनच होतीस. तुझी हाडं इचलकरंजीत बनलेली, मृणा. हा दगड नाही. ही तू आहेस."

मला हुंदका आवरला नाही. सुयोगनं माझा हात धरला आणि म्हणाला, "डबी खोटं बोलत नाही म्हणालो होतो ना मी? पण तिला काय विचारायचं ते मलाच कळलं नव्हतं." या वेळी मी त्याला माफ केलं.

"आज्जी, तो लाल काय आहे?" ओवीनं विचारलं.

अक्काताईंनी चष्मा लावला, नकाशावर वाकल्या. "ते व्हय? ते आपलं गाव."

ओवीनं दात मुठीत घेतला, विचार केला आणि निकाल दिला. "मग हा आज्जी घेऊन जाऊ दे. तिथल्या कौलावर टाकू दे. पुढचा इथल्या पेल्यात."

ऑगस्टमध्ये अक्काताई परत निघाल्या, बोट, रेल्वे, जहाज, आणि कुंकवाच्या करंड्यात ओवीचा दात. पोचल्यावर त्यांनी फोन केला, दात कौलावर पोचला, आणि सगळ्या गल्लीला दाखवून मगच टाकला.

हिवाळ्यात नवी यूरी आली. आता प्रत्येक गुरुवारी हिरव्या वर्तुळाखाली लाल ठिपका उमटतो. पाहुणे विचारतात, हा काय आहे? मी त्यांना आत नेते, पाटा दाखवते. कुणीतरी हमखास विचारतं, हा झिजून संपला तर?

मी सांगते, संपेल की, पण त्याला अजून कैक पिढ्या लागतील. तोवर बसा, धिरडं गरम आहे.